थैली ज्याच्या घरी, पाळी त्याची

कोचीहून निघालो तेव्हा मोबाइलमध्ये जायचं एक तिकीट होतं आणि परतीची दोन. दुसरं मायचं. किती दिवसांपासून तिच्या मागे लागलो होतो, चल माझ्यासोबत, इथं समुद्र आहे, घरात नळ आहे, मी आहे. या डिसेंबरात ती फोनवर पहिल्यांदा म्हणाली, "ये, पाहू." पाहू म्हणजे हो, असं मी धरलं. ठेकेदारानं सुट्टी दिली. टाइल्स बसवणारा आईला आणायला जातो म्हणजे नक्की परत येतो, असा त्याचा हिशोब असावा. माझ्यासारख्या पाय न ठरणाऱ्या पोरांचा त्याला अनुभव आहे.

मागं इथं मुन्नारच्या सहलीचं लिहिलं होतं तेव्हा खाली कमेंटमध्ये एकानं विचारलं होतं, भाऊ, स्वतःचं गाव कधी दाखवणार? घ्या मग. गावाचं नाव हिवरडोह. कामठीच्या पुढे. कोळशाची खदान होती म्हणून वसलं, खदान बंद झाली म्हणून रिकामं होत चाललं. पाहायला धबधबा नाही, किल्ला नाही. तरी जा असं मी सांगणार आहे, का ते शेवटपर्यंत कळेल.

गाडी आंध्र-तेलंगण ओलांडून बल्लारशाला लागली की कानाला बरं वाटतं. चहावाला "भाऊ, घेता का?" म्हणतो आणि थंडीही तिथंच डब्यात चढते. कोचीत राहून स्वेटर ही वस्तू मी विसरलोच होतो. नागपूरला उतरलो ते टॉवेल गळ्याला गुंडाळून. स्टेशनबाहेर पहिलं काम तर्री-पोहे. पोह्यांवर चण्याची लाल तर्री, वर कच्चा कांदा आणि चिवडा. पहिल्या घासाला नाक वाहिलं, दुसऱ्याला थंडी पळाली. स्वेटर घ्यायची गरज राहिली नाही.

तिथून मेट्रो. सीताबर्डीला बदलून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जाता येतं, स्वस्त आणि गारेगार, पण डिसेंबरात गारेगार कोणाला पाहिजे. चौकातून कामठीला शेअर ऑटो मिळतात. सहा माणसं कोंबून झाल्यावर ऑटोवाला म्हणतो, "बस, एक सवारी आने दो," आणि ती एक सवारी येईपर्यंत तुमची सगळ्यांशी ओळख होते. कामठीहून हिवरडोहला तेव्हा दुपारचीही एक फेरी होती, पण धरायची ती संध्याकाळची लाल बस. ती रात्री गावातच थांबते आणि सकाळी परत निघते, म्हणून तिला मुक्कामी म्हणतात. ती चुकली तर बाराशे रुपये सांगणारे ऑटोवाले आहेत. त्यांना घाबरा.

बसमध्ये कॉलेजच्या पाच पोरी, एक नर्सताई, मी, आणि एकटीच दोन सीटा अडवून बसलेल्या रंभाकाकू. आमच्या जुन्या शेजारीण. दुसऱ्या सीटवर त्यांची थैली. जाड हिरव्या ताडपत्रीची, पोतं शिवायच्या सुतळीनं टाके घातलेली, इतकी फुगलेली की तिचंही तिकीट काढलं असेल असं वाटावं.

"काकू, लग्न हाय का घरी?"

"कोणाचं लग्न? पोट्ट्या, गावाची थैली हाय थे." काकूंनी आतलं दाखवायला सुरुवात केली. गजाननकाकाचा दुरुस्त चष्मा, कोणाचा शिवलेला ब्लाउज, धंतोलीच्या दवाखान्यातून आलेले कोणाचे रिपोर्ट, कुकरची रबरी रिंग, कोंबड्यांचं औषध, हार्मोनियमची एक पट्टी.

कंडक्टर मडावीभाऊ तिकीट फाडता फाडता म्हणाले, "तुमच्या गावात आता असंच हाय. थैली ज्याच्या घरी, पाळी त्याची. सकाळी तो माणूस माह्या गाडीत बसते, साऱ्या गावाचे कामं करते, संध्याकाळी येते अन् थैली दुसऱ्याच्या दाराले अडकवते."

"काहून पण? ज्याचं काम त्यानं करावं."

"अन् ज्या दिवशी कोणाचंच काम नसन त्या दिवशी?" काकू म्हणाल्या. "गाडी रिकामी जाईन. रिकामी गेली की बंद. हे गाडी कधी रिकामी गेली नाही पाह्यजे, म्हणून थैली."

मी टाळ्या वाजवायचाच बाकी होतो.

उतरलो तेव्हा नुकता अंधार पडत होता. सवयीनं सरळ सातव्या लायनीत गेलो. आमच्याकडे गल्ली नसते, क्वार्टरांच्या लायनी असतात. आमच्या दाराजागी दार नव्हतं. आत भेंडी होती. खरी भेंडी, कमरेएवढी, जिथं माझी खाट असायची तिथं. मी भेंडीकडे पाहत उभा, तेवढ्यात मागून मायचा आवाज.

"तठी काय पाहून राहिला गा? भेंडीले नमस्कार करतं का? आपण पह्यल्या लायनीत राह्यतो आता!"

फोनवर हे तिनं सांगितलं नव्हतं. म्हणाली, सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं घर गेलं. घर गेलं नाही, पुढं सरकलं. झालं असं की माणसं कमी झाली आणि उरलेली दहा लायनींत विखुरली. एका लायनीत एक दिवा, मध्ये सगळा अंधार आणि साप. मग बैठक झाली, भांडणं झाली, आणि सगळ्यांनी रस्त्याकडच्या दोन लायनींत यायचं ठरवलं. मागच्या लायनींत भाजी, तुरी, बकऱ्या. "रातच्याले एकाच्या घरचा दिवा दुसऱ्याले दिसला पाह्यजे, एवढंच," माय म्हणाली.

ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, वर कांद्याची पात. दुसरी भाकर घेतल्यावर मी तिकिटाचा विषय काढला. माय पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं.

"परवा डेपोचा साहेब येऊन राहिला. गाडी ठेवायची का बंद करायची थे पाहाले. बंद झाली तर मी तुह्यासंग कोचीले येतो. तुह्या त्या समुद्रात पाय टाकतो. चालू राहिली तर तू एकटाच जाय."

आमच्याकडे बाया "येतो, जातो" म्हणतात, त्यामुळे माय हट्टाला पेटली की भांडायला दोन बाप्ये समोर असल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, "गाडीचा अन् तुह्या येण्याचा काय संबंध?"

"गाडी असली तर हे गाव हाय. गाव असलं तर मले काय धाड भरली जायाले?"

म्हणजे तिनं येण्याचा निर्णय डेपोच्या साहेबावर टाकला होता. मी झोपताना कोणाच्या बाजूनं प्रार्थना करावी ते कळेना.

दुसरा दिवस गाव फिरण्यात गेला. गजाननकाका माझे गाइड. खदानीत माणसं खाली-वर नेणारा पाळणा ते चालवायचे. पाळणा बंद झाला, काकांची सवय नाही. अजूनही लोकांना इकडून तिकडे हलवत असतात, लायनी बदलायची कल्पनाही त्यांचीच. पिठाची गिरणी आणि न्हाव्याचं दुकान आता एकाच खोलीत आहे, एक दिवस गिरणी, एक दिवस कात्री. मी गेलो तो कात्रीचा दिवस. दाढी करून बाहेर आलो तर भुवया पांढऱ्या. तीन गणपती मंडळांचं एक झालं, पण तिघांचे ढोल ठेवलेत. विहारातली सतरंजी गणपतीला जाते, मंडळाचे स्पीकर जयंतीला येतात, आणि दोन्हीकडे वायर जोडणारा माणूस एकच आहे, त्यामुळे त्याच्याशी कोणी भांडत नाही. क्रिकेट पाहिलं. दोन टीमला मिळून अकरा जण होते. अंपायर दोन्हीकडून बॅटिंग करतो आणि स्वतःला आउट देत नाही.

"हसतं काय?" काका म्हणाले. "शयरात माणसं जास्त झाले त तुम्ही एकावर एक मजले बांधता. आमाले कमी झाले त आम्ही जवळ जवळ बसलो. थंडीत काय करतेत लोकं?"

साहेब यायच्या दिवशी थैली मायच्या दारावर होती. सकाळी मायसोबत थैली घेऊन स्टॉपवर गेलो आणि थबकलो. अख्खं गाव उभं. इस्त्रीचे कपडे, टोप्या, गजरे. एका आजीनं शेळी आणली होती, काकांनी ती परत पाठवली. गजाननकाका पाळण्यात भरायचे तसे माणसं बसमध्ये भरत होते, "सरका, सरका, अजून दोन." मडावीभाऊ दारातून हात जोडत होते, "अरे, मले त चढू द्या."

साहेब पुढच्या सीटवर. तरुण माणूस, मफलर, चेहरा थकलेला. गाडी निघाली तसा तो उठला आणि एकेकाला विचारू लागला.

"काका, कुठं निघालात?"

"कामठीले."

"काय काम?"

गजाननकाकांना काम नव्हतंच. चष्मा परवाच थैलीतून आला होता. त्यांनी मायकडे पाहिलं. "थैलीसंग," ते म्हणाले.

"तुम्ही आजी?"

"थैलीसंग."

"तुम्ही?"

"मी बी थैलीसंगच."

इथं आमची चूक उघडी पडली. सगळ्यांनी गाडी भरायचं ठरवलं, पण सवयीनं आदल्या संध्याकाळी आपापली कामं थैलीत टाकून मोकळे झाले होते. अख्ख्या बसमध्ये कामठीला काम असलेली माणसं म्हणजे रोजच्या पोरी, नर्सताई आणि माझी माय. बाकी सगळे नुसते नटलेले. खोटं तरी काय बोलायचं ते कोणी ठरवलं नव्हतं. मागून कोणीतरी हसलं, मग साहेबही हसला, पण पुढच्या क्षणी गंभीर झाला.

"म्हणजे ही गर्दी आजची. मी उद्या काय लिहू?"

मग तो माझ्यापाशी आला. "तुम्ही रोज जाता?"

सगळी तोंडं माझ्याकडे. रंभाकाकू डोळ्यांनी "हो म्हण" सांगत होत्या. मी म्हटलं, "नाही साहेब. मी कोचीला राहतो. मायला न्यायला आलो. तुम्ही गाडी बंद केली तर ती येणार, चालू ठेवली तर नाही."

"मग तुम्हाला काय पाहिजे?"

खिडकीतून पाहिलं, तुरीवर धुकं बसलं होतं. मोबाइलमध्ये दोन तिकिटं. मायनं माझ्याकडे पाहिलंच नाही, थैलीच्या टाक्यावरून बोट फिरवत राहिली.

"गाडी," मी म्हटलं.

मग मात्र मायनं सूत्रं हातात घेतली. "साहेब, बसा. दुपारची फेरी तुमची रिकामीच जाते, आमाले मालूम हाय. थे घेऊन टाका. थैलीले दुपारची गाडी लागत नाही. रातची ठेवा. या पोरींचं कॉलेज हाय, बाईचा दवाखाना हाय. दुपारची तुमाले, रातची आमाले."

बाजारात मायशी भाव करणारा जिंकल्याचं मला आठवत नाही. साहेब म्हणाला, "ठरवणार वरचे. पण हे मी लिहितो." कामठीला उतरताना त्यानं थैली एकदा उचलून पाहिली. "बापरे," एवढंच म्हणाला. गाव दिवसभर कामठीत करणार काय? संत्री खात बसलं. संध्याकाळच्या गाडीत नुसता सालींचा वास.

माझ्या सुट्टीच्या शेवटाला मडावीभाऊंच्या ड्रायव्हरनं बस वळवतानाच हॉर्न वाजवायला सुरुवात केली, थांबेचना. दुपारची गेली, मुक्कामी राहिली. तिन्ही ढोल बाहेर निघाले. मायनं मला पाहून नुसती मान हलवली. मी तिथंच उभ्या उभ्या एक तिकीट रद्द केलं. वाईट वाटलं का? वाटलं. पण ढोल इतके जवळ वाजत होते की नीट वाटून घेता येईना.

निघायच्या सकाळी थैली पुन्हा आमच्या दारावर. गजाननकाका म्हणाले, "तू चाल्ला त कामठीचे कामं करून जाय. सामान मडावीजवळ दे." केलं. शिंप्याकडून, मेडिकलमधून, सगळं आणून, औषधाच्या बाटल्या फुटू नयेत म्हणून खोक्यात घालून मडावीभाऊंच्या सीटखाली ठेवलं, ऑटोनं नागपूर गाठलं, गाडी धरली. बल्लारशा गेल्यावर भूक लागली. भाकरी-ठेच्याची पुरचुंडी काढायला हात घातला, आणि कळलं की हात हिरव्या ताडपत्रीत आहे.

फोन लावला. "माय, थैली माह्याजवळ राहिली!"

"अगं माय! आता?" पलीकडे कोणीतरी खिदळलं, रंभाकाकूच असणार.

"कुरिअरनं पाठवतो."

"कुरिअर-फिरिअर काही नाही. आम्ही तवरोक सिमिटाच्या पोत्यावर भागवतो. पण नियम म्हणजे नियम. थैली ज्याच्या घरी, पाळी त्याची. जयंतीले घेऊन ये."

तर तुम्ही गेलात तर डिसेंबर-जानेवारीत जा. स्वेटर न्या, संध्याकाळची बस धरा, राहायची सोय गजाननकाका करतात. जेवण मागायचं नाही, आपोआप येतं. कामठीत काही आणायचं असेल तर थैलीवाल्याला सांगा. सध्या पोतं आहे. आणि तिकीट काढताना परतीचंही त्याच बसचं काढा, तेवढी एक सीट भरेल.

थैली इथं कोचीत खोलीच्या दारामागे खिळ्याला लटकली आहे. मी आजवर जिथं राहिलो तिथून एका पिशवीत मावेल एवढं घेऊन निघालो आणि मागं कोणी काही विचारलं नाही. ही पहिली वस्तू, जी परत न्यायची आहे. एप्रिलचं तिकीट काढलं, जायचं एक, यायचं एक. काल थैली झटकताना मात्र एक गोष्ट आठवली. स्टॉपवर मी माझी बॅग चढवत होतो, भाकरी तिनंच थैलीत तळाशी घातली होती, आणि थैली माझ्या खांद्यावर अडकवली होती ती मायनंच.