लोकरीच्या माशाच्या पोटात

हातातला कप आधी खाली ठेवा बघू. मागे एकदा मी ही गोष्ट सांगत होते, तर माझ्या नणंदेच्या नाकातून चहा आला आणि बोल मला लागला. ठेवलात? मग ऐका, मी सुरतेत काय दिवे लावले ते!

पासष्टच्या आसपासची गोष्ट. माझं नुकतंच लग्न झालं होतं. आमचे हे सुरतेला आर्ट सिल्कच्या एका कारखान्यात मागावर होते. माणूस सोन्यासारखा, पण खोली काही मिळेना. जाऊ तिथे एकच प्रश्न, "मच्छी-मटण खाओ छो?" हे तोंड उघडायच्या आत मी पुढे! म्हणायची, "नाही हो, श्रावणात तर अजिबात नाही!" झालं, दार बंद. आता मला सांगा, मी खोटं बोलले का? पण खरं बोलून डोक्यावर छप्पर येतं होय?

शेवटी बेगमपुऱ्यात एका घरी गेलो, तेव्हा ह्यांनी मला कोपऱ्यावरच दम दिला. घरात हे अहिराणीच बोलायचे. म्हणाले, "तू फक्त पदर लई उभी ऱ्हाय. बोलू नको!"

मी पदर घेऊन उभी राहिले. खोली मिळाली.

घरमालकीण जमनाबा. सत्तरीच्या आसपास वय, पक्क्या वैष्णव. घरात कांदा नाही, लसूण नाही. देवघरात ठाकोरजी, त्यांना आधी नैवेद्य आणि मग बाकीच्यांच्या तोंडात घास. रोज सकाळी हवेलीत, म्हणजे त्यांच्या देवळात, दर्शनाला जायच्या. मनाने इतक्या मोठ्या की मला ताप आला तेव्हा माझ्या उशाशी बसून राहिल्या. वाईट खोड एकच. कधीही जिना चढून आमच्या खोलीत यायच्या, "हूं रांध्युं, वहू?" म्हणत, आणि काय शिजलंय ते बघायला एकेका डब्याचं झाकण उचलायच्या.

आता पंचाईत अशी, की ह्यांचा जीव बोंबलात. अमळनेरहून कुणी सुरतेला निघालं की माझी आई त्याच्या पिशवीत सुके बोंबील कोंबून द्यायची. डब्यात ठेवावेत तर बा आहेतच झाकण उचलायला. मग ह्यांनीच डोकं लढवलं. एक चिंध्यांची जुनी उशी होती, तिची शिवण उसवली आणि बोंबील आत! बा कुठेही हात घालतील, पण दुसऱ्याच्या नवऱ्याची उशी कशाला उसवतील? बा उत्सवाला हवेलीत गेल्या की खिडकी लावायची, बोंबील भाजायचे, चटणी वाटायची आणि नंतर खोलीभर ऊद जाळायचा. बा परतल्या की म्हणायच्या, "केटली भक्ती छे तमारी!"

अहो, लाज वाटायची. पण भाकरीबरोबर ती चटणी काय लागायची म्हणून सांगू!

तर एकदा काय झालं, बांची सून दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी गेली. दीड वर्षाचा नातू बकू राहिला आजीकडे. मुलगा दिवसभर दुकानात. रविवारी त्याने सगळ्यांना डुमसला समुद्र दाखवायला नेलं. तिथे कुणा कोळ्याच्या टोपलीत बकूने जिवंत मासा पाहिला आणि त्याला तोच हवा झाला! घरी आल्यावर जे भोकाड पसरलं म्हणता! लाकडी घोडा फेकला, भोवरा फेकला, दूध थुंकला. आई जवळ नाही, त्यात हा हट्ट. बा अगदी रडकुंडीला आल्या.

माझ्या हातचं क्रोशाचं विणकाम त्यांनी पाहिलं होतं. मी तोरणं विणायची, ताटांवर घालायचे रुमाल विणायची. बा म्हणाल्या, "वहू, ह्याला एक माछली विणून दे ना!"

मी म्हटलं, "बा, तुमच्या घरात मासा?"

"मत्स्य तो भगवाननो पहेलो अवतार!" बा म्हणाल्या. "खायला थोडाच आहे? खेळायला काय वांधो?"

आता बोला! देवाचं नाव घेतल्यावर मी नाही म्हणणार होते का? शिवाय खरं सांगायचं तर मला मनापासून वाटलं, ह्या बाईने माझ्या तापात एवढं केलं, आपल्या हातून एवढं तरी व्हावं.

ह्यांचा जुना निळा स्वेटर उसवला. लोकर धुऊन, वाळवून घेतली आणि सुई घेऊन बसले. पण मंडळी, तोरण वेगळं आणि मासा वेगळा! तोरण सपाट असतं. साखळी घाला, खांब घाला, झालं पुढे. माशाला पोट येतं. मी खांब वाढवत गेले, पोट फुगत गेलं. कमी करायला लागले, तर एकदम गळाच आवळला गेला. संध्याकाळी हे कामावरून आले आणि बघत उभे राहिले.

"हाई काय शे वं? भरेल वांगं?"

"मासा शे!"

"मासा? मंग येले डोया कोठे शेत?"

मी मुकाट्याने ह्यांच्या सदऱ्याची दोन बटणं तोडली आणि डोळे लावले. ह्यांनी परत म्हणून चौकशी केली नाही.

आता भरायचं काय? ह्यांनी कारखान्यातून हात पुसायचं टाकाऊ रेशमी सूत आणलं. ते कोंबलं. पण आर्ट सिल्क ते, बुळबुळीत! इकडून दाबलं की तिकडच्या भोकातून बाहेर. माशाला सगळ्या अंगावर मिशा फुटल्या! सगळं उपसून काढलं. खाली बकूचं रडणं चालूच. मी खोलीभर नजर फिरवली आणि नजर गेली कुठे? उशीवर!

थांबा, लगेच कपाळावर हात मारू नका. बोंबील संपले होते. ह्यांनी परवाच्या चटणीला शेवटचा काढला होता, माझ्यासमोर. राहिल्या होत्या त्या नुसत्या चिंध्या, मऊ, मुरलेल्या. मी नाकाला लावून पाहिल्या, मला काहीच वास आला नाही. आमची नाकं त्या खोलीत तयार झालेली, त्यांना कसला वास येतोय! मूठ-मूठ चिंध्या काढल्या, माशाच्या पोटात ठासल्या, तोंड शिवून टाकलं. मासा कसा टुमटुमीत झाला! मलाच माझं कौतुक वाटलं.

बकूने तो बघितला आणि रडणं बंद. शेपूट थेट तोंडात! जेवताना मासा, झोपताना मासा, गालाखाली मासा. बांना तर कुठे ठेवू आणि कुठे नको असं झालं. ठाकोरजींसमोर तो मासा ठेवून त्याला नमस्कारसुद्धा करवला. बांना वास? बा तपकीर ओढायच्या हो! त्यांच्या नाकाला कापूर आणि केरोसीन सारखंच.

पण मांजरांना थोडीच तपकीर लागते?

दुसऱ्या दिवशी ओट्यावर एक मांजर येऊन बसलं. दुपारपर्यंत दोन आणखी. तिसऱ्या दिवशी बघावं तर गल्लीतली झाडून सारी मांजरं बांच्या ओट्यावर, बकूकडे टक लावून! बा सगळ्यांना कौतुकाने सांगायच्या, "बघा, मुकी जनावरं पण माझ्या बकूच्या मायेत पडली!" आणि मी? मी पण त्यांच्याबरोबर "हो ना, हो ना!" अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

मग उजाडला रविवार. ह्यांना सुट्टी. बा हवेलीतून येऊन ओट्यावरच्या झोपाळ्यावर बसल्या होत्या, मांडीवर बकू, बकूच्या हातात मासा. मी शेजारी तांदूळ निवडत होते. तेवढ्यात एका लांडग्यासारख्या बोक्याने झेप घेतली आणि मासा पळवला! बकूने टाहो फोडला. हे चप्पल घेऊन धावले. बोका शेपूट ओढतोय, हे डोकं ओढतायत. टर्रर्र! मासा पोटात फाटला. चिंध्या बाहेर आल्या, आणि चिंध्यांतून टप्पदिशी ओट्यावर पडला...

हो. बोंबील! अख्खा! लोकरीच्या माशाच्या पोटातून खरा मासा! चिंध्यांच्या घडीत कुठेतरी अडकून राहिलेला.

माझ्या डोळ्यांसमोर ती सगळी बंद झालेली दारं आली. आता पुन्हा ट्रंक डोक्यावर, पुन्हा "मच्छी खाओ छो?"

बा वाकल्या. जन्मात बोंबील पाहिलेला नाही त्या माउलीने. म्हणाल्या, "आ हूं छे? काडी?"

आणि आमचे हे, एरवी दोन शब्द धड न बोलणारा माणूस! चेहरा असा गंभीर केला आणि म्हणाले, "बा, ती मुळी आहे. आमच्या खानदेशातली. लहान मुलांना नजर लागू नये म्हणून खेळण्यात घालतात."

मी बघतच राहिले. काय बोलला माझा नवरा! बांचे तर डोळेच भरून आले. "वहू! माझ्या बकूसाठी एवढं केलंस आणि बोलली पण नाहीस?"

वाचलो! इथे मी फक्त मान हलवायची होती. एवढंच काम. पण बांनी पदर पुढे केला, बोंबील त्यात अलगद घेतला, कपाळाला लावला आणि उठल्या.

"कुठे चाललात, बा?"

"ठाकोरजींच्या पायाला लावून आणते. मग काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात बांधू याच्या!"

अहो, ठाकोरजींच्या पायाला बोंबील! तुम्हीच सांगा, गप्प बसवेल का कुणाला? माझ्या तोंडून किंकाळीच फुटली, "बा, नको! तो बोंबील आहे!"

बा थांबल्या. "बोंबील? एटले?"

त्यांना मराठी शब्दच माहीत नव्हता! आणि हे पुन्हा धावून आले, देवमाणूस! "बोंबील म्हणजे त्या मुळीचं नाव, बा. झाडच असतं बोंबलाचं."

आता तरी गप्प बसावं की नाही? पण मला वाटलं, बांना नीट समजलेलं दिसत नाही. मी पुढे होऊन समजावलं.

"बा, म्हणजे बुमला! ह्यांच्या उशीतला सुका बुमला!"

हा गुजराती शब्द मात्र बांना चांगलाच ठाऊक होता.

पदर झटकला गेला. बोंबील उडाला. बोक्याने वरच्या वर झेलला आणि गेला. बांनी माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, बकूला उचललं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मग दिवसभर आतून नुसता पाण्याचा आवाज. बकूला आंघोळ, बांना आंघोळ, ओटा धुतला, झोपाळा धुतला, भांडी पुन्हा घासली. चूल पेटल्याचा काही वास नाही, म्हणजे बांचा उपास. मला रडू आवरेना. खोलीचं दुःख होतंच, पण त्या म्हाताऱ्या बाईला माझ्यामुळे उपाशी राहावं लागलं, ते जास्त लागलं. मी ट्रंक भरली. ह्यांना म्हटलं, "काहीतरी बोला ना!"

"आते कसाले बोलू?" हे म्हणाले. "तू बोलनी ना."

दिवे लागणीला बा आल्या. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. हातात फाटका मासा, धुऊन पांढरा पडलेला.

"हा पुन्हा भरून दे. पोरगा सकाळपासून रडतोय. आणि हे घे, नवा कापूस. माझ्या घरचा."

मी कापूस घेतला. "बा, आणि खोली?"

"खोली हूं? तुम्हाला काढलं तर आखी गल्ली विचारेल, का काढलं? काय सांगू? माझा नातू तीन दिवस बुमला गालाखाली घेऊन झोपला? मी तो कपाळाला लावला?" बांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली केला. "राहा मुकाट्याने. पण ती उशी आजच्या आज घराबाहेर!"

मी उंबऱ्यावरूनच पाया पडायला वाकले. डोळ्यांतून पाणी. म्हटलं, "बा, चूक झाली. मी मासा भरताना नीट बघायला हवं होतं."

"ते जाऊ दे," बा म्हणाल्या. "अजाणता हातून झालं तर ठाकोरजी पण माफ करतात. मला काही ठाऊकच नव्हतं, तर मला कसलं पाप होतं? सकाळपासून मी पाणी ओतून ओतून थकले, उपास घडला, कंबर मोडली, ती काय बुमल्यामुळे?"

मग त्यांनी ह्यांच्याकडे बोट केलं, आणि मला म्हणाल्या,

"तुझा वर एवढं सरस खोटं बोलत होता! मी मानलं पण होतं! तुला मध्ये बोलायला कुणी सांगितलं होतं गं?"