थांबारावांनी घेतलेला लॅपटॉप

कारखान्याच्या गोदामात थांबारावांनी एकतीस वर्षं काढली आणि एवढ्या काळात कुणाला साधा स्क्रूसुद्धा वेळेवर दिला नाही. खिडकीशी माणूस आला की चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "थांबा!" वस्तू हाताशी असली तरी आत जाऊन पाच मिनिटं उगाच उभे राहायचे. मागणाऱ्याला तिष्ठत ठेवलं की वस्तूची किंमत कळते, हे यांचं तत्त्वज्ञान! कामगारांनी त्यांचं थांबाराव नाव ठेवलं ते काही उगाच नाही. आपलं गोदाम केवढं मोठं होतं, हे मात्र निवृत्तीनंतरही येईल त्याला ऐकवायचे.

असा माणूस मुलीबरोबर लॅपटॉप घ्यायला गेला, म्हणजे झालंच कल्याण. मुलगी घरांचे नकाशे काढायची. एका कंपनीने तिची चाचणी ठेवली होती. घरी बसूनच, पण दीड तासात नकाशा काढून पाठवायचा. जमलं तर नोकरी. त्यासाठी तिला लॅपटॉपात झटपट चालणारी डिस्क, म्हणजे एसएसडीच हवी होती.

दुकानदारही बिचारा समजावत होता. "काका, ही जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क. जागा चौपट, पण आत तबकडी फिरणार, मग फाइल सापडणार. एसएसडीत जागा कमी, पण मागितलं की हातात. ताईंच्या कामाला तीच घ्या."

"मला शिकवता?" थांबाराव फिस्कारले. "जन्मभर माल सांभाळलाय मी. जागा कमी पडली की हीच बोंबलत येईल! मोठी द्या."

"बाबा, मला जागा नकोय, वेग हवाय."

"तुला काय कळतंय? जरा थांबलं तर काय बिघडतं?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला! पण खिसा त्यांचा, म्हणून अक्कलही त्यांचीच चालली. दुकानदाराने मुलीकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्याने खोकं पुढे केलं.

चाचणीच्या दिवशी तिने तासभर आधीच लॅपटॉप चालू करून ठेवला. तरी नकाशा उघडायलाच सात मिनिटं गेली. प्रत्येक भिंतीला, प्रत्येक खिडकीला ते गोल चक्र फिरायचं आणि आतून बारीक कुरकुर यायची. पण पोरगी जिद्दीची. जिना, न्हाणीघर, गच्ची, सगळं बरोबर बसवलं. चार मिनिटं उरली तेव्हा तिने फाइल सेव्ह करायला घेतली, आणि चक्र पुन्हा सुरू झालं.

थांबाराव मागे खुर्ची टाकून बसले होते. सोबतीला म्हणे! "बघ, अजून केवढी जागा रिकामी आहे," ते कौतुकाने म्हणाले.

वेळ संपली. कंपनीचं पान बंद झालं. त्यानंतर अर्ध्या मिनिटाने फाइल सेव्ह झाली.

मुलगी रडली नाही. बापाचा इतका संताप आला होता की रडूसुद्धा फुटेना. आणि बाप काय म्हणतो? "कंपनीच उतावळी. दोन मिनिटं थांबवत नाही लोकांना!"

तिने लॅपटॉप पिशवीत घातला आणि पायात चपला सरकवल्या.

"कुठे निघालीस?"

"डिस्क बदलायला. सोमवारी दुसऱ्या कंपनीची चाचणी आहे."

"एकटी जाऊन फसशील. मी येतो." थांबारावांनी लगबगीने शर्टात एक हात घातला.

"तुम्ही थांबा," ती म्हणाली आणि तिने बाहेरून दार ओढून घेतलं.