चापाचा पिकअप
सोल्डरिंगचा वास आला की गिरगावातलं ते वाद्यांचं दुकान आठवतं. बँडमध्ये ट्रम्पेटपुढे माझ्या जाझ गिटारचा आवाज बुडायचा, म्हणून तारांचा आवाज ॲम्पच्या स्पीकरपर्यंत नेणारा पिकअप बसवायला गेले होते. दुकानदारकाका गिटारवर पेन्सिलीने चौकोन आखू लागले. "भोक पाडल्याशिवाय बसणार नाही, बाई." मी गिटार ओढून घेतली. "नाक टोचल्याशिवाय नथ राहणार नाही, असं लग्नात मलाही सांगत होते. मी चापाची घातली. हिलाही चापाचा द्या." काकांनी पुटपुटत खण उपसला. पहिला पिकअप जाड होता, तारांना घासला. दुसरा चपटा, चापाने कडेच्या पट्टीला धरून लाकडाला न टेकता तारांखाली अडकला. काकांनी वायर ॲम्पला जोडली, आणि गिटार दुकानभर घुमली. काल मुलीच्या लग्नाच्या बैठकीत कुणीतरी तिचं नाक टोचायचा विषय काढला. "तिचं ती बघेल," मी म्हटलं आणि ॲम्प चालू केला.