दारात दाखवलेलं पाकीट

मंगळवार, सकाळची पहिली केस. हजर: सर्जन, भूलतज्ज्ञ मॅडम, सिस्टर म्हणून मी आणि ऑपरेशन थिएटरचे मदतनीस, आमचे मामा. पेशंट वळसंगचा, तीन वर्षांचा, हर्निया.

मामांची सुरुवात नेहमीसारखीच झाली. थिएटरच्या दारात त्यांनी मुलाच्या आईसमोर एक सीलबंद पाकीट धरलं, उलटसुलट करून दाखवलं. "हे बघा ताई, कोरं हाय. तुमच्या लेकरासाठीच फोडणार, मग फेकणार." आई डोळे पुसून मागे सरकली.

पाकिटात श्वासाची नळी असते. भूल दिल्यावर ती श्वासनळीत घालतात. लहान मुलांसाठी पेन्सिलीपेक्षा बारीक. एकदा वापरायची आणि टाकून द्यायची. ती दाखवायला मामांना कुणी सांगितलं नव्हतं. दवाखान्यात आपण सह्या कागदावर करतो, पण धीर येतो तो अशा एखाद्या माणसामुळे. तुम्हीही अनुभवलं असेल.

मामा अक्कलकोटचे. काम संपलं की कानडीत "आयतु" म्हणायचे, म्हणजे झालं. एकदा टाके घालायच्या आधीच म्हणाले. सर्जननी विचारलं, "मग जाऊ का मी घरी?"

"जावा की. पोट तेवढं शिवून जावा."

माझ्या मुलीच्या टॉन्सिलचं ऑपरेशनही, ती लहान असताना, इथेच झालं. मी मास्क लावून आत निघाले, तर मामा आडवे आले. "सिस्टर, आज तुमी आई. भाईर थांबायचं." माझ्यासमोरही तसंच पाकीट धरलं. "मला काय दाखवता, मामा?" मी म्हणाले आणि न बघताच बाकावर जाऊन बसले.

त्या मंगळवारी वळसंगच्या मुलाने मामांचं बोट सोडलंच नाही, म्हणून पाकीट मी फोडलं. नळी हातमोज्याला चिकटली. वापरताना नळी गालावर चिकटपट्टीने बसवतात, त्या पट्टीचा डिंक मागे राहतो. कोऱ्या नळीवर तो कुठून येणार? पाकिटाची खालची कड पाहिली. बारीक कापून पुन्हा बंद केलेली, आमच्याच सीलिंग मशीनवर. ते मशीन मामांना मीच शिकवलं होतं.

नळी बाजूला ठेवली, इमर्जन्सी ट्रॉलीतली नवी काढली. ऑपरेशन नीट झालं. मामा "आयतु" म्हणाले नाहीत.

हात धुताना विचारलं, "कधीपासून?"

"बारक्या नंबरच्या नळ्या वेळेवर येत न्हाईत, सिस्टर. सांगोल्याची माणसं पहाटे निघून येत्यात, उपाशी लेकरू घेऊन. माघारी लावायचं का? औषधात बुडवून, स्वच्छ करून ठेवत हुतो."

"मी विचारलं, कधीपासून?"

ते नळ बंद करत राहिले. नळ केव्हाच बंद झाला होता.

"मला का नाही सांगितलं?"

"तुमी नको म्हणला असता की."

मी वर कळवलं. मामांना काढलं. त्यांनी बंद केलेली पाकिटं आम्ही नष्ट केली, बारक्या नंबरांची मागणी आता मी स्वतः लावते, आधी ऑपरेशन झालेल्या मुलांना तपासणीला बोलावणं सुरू आहे. कामं एकेक करून उरकत आली.

परवा एका आईने दारात विचारलं, "नळी नवी हाय नव्हं?" पाकीट तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "नीट बघा. खालची कडसुद्धा."

माझी मुलगी आता दहावीत आहे, ठणठणीत आहे. एक काम तेवढं राहिलं आहे: मामांना फोन करून विचारायचं, त्या दिवशी माझ्यासमोर धरलेलं पाकीट कोरं होतं का. नंबर माझ्याकडे आहे.