फौजेचं धान्य आणि चौथीचा वर्ग

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, नवी पुस्तकं हवी होती. चौथीच्या इतिहासाचं माझं हस्तलिखित तयार होतं. छापण्याआधी ते मुलांना वाचून दाखवावं असं मनात आलं. माझा जुना विद्यार्थी पुसदजवळच्या एका बंजारा तांड्यावर मास्तर होता. निमित्त मिळाल्यावर घरी बसणाऱ्यांतला मी नव्हेच!

यवतमाळहून निघालेली मोटार घाटात दोनदा तापली. दोन्ही वेळा आम्ही उतारू खाली उतरून बोरं खात उभे राहिलो. पुढे मास्तरने पाठवलेल्या रेंगीने (हलकी बैलगाडी) माझी हाडं खिळखिळी केली, पण दुतर्फा फुटलेला कापूस पाहून तक्रार विसरलो.

भाकरी आणि अंबाडीची भाजी खाताना मास्तर हळूच म्हणाला, "सर, इथले नाईक (तांड्याचे प्रमुख) आज नातीचं नाव शाळेतून काढणार. फार हुशार मुलगी आहे हो."

नाईक शाळेच्या दारातच भेटले. "सोनीले लिहिता येते, वाचता येते. मेलेल्या राजाईचं कायले शिकवता? घरी ढोरं कोन पाहीन?"

"एवढा एक धडा ऐकू द्या तिला," मी विनवलं. मग माझा लाडका वेढ्याचा धडा थाटात वाचला. सहा महिने फौज किल्ल्याखालून हलली नाही, वगैरे. संपताच सोनी उठली.

"गुरुजी, फौज खात काय व्हती?"

"धान्य."

"कोनं आनलं?"

मी पानं उलटली. पुस्तकात ते नव्हतंच. मला लाज वाटली.

"आपन आनलं," दारातून आवाज आला. नाईक जोडे काढून आत आले आणि मुलांच्या सतरंजीवर बसले. फौजांना धान्य पोचवणारे त्यांचेच पूर्वज; त्यांच्या आजानेही लदेणी केली होती, म्हणजे बैलांवर गोण्या लादून मुलूखभर मालाची ने-आण. कुठल्या वाटेने जायचं, पाणी कुठे, मुक्काम कुठे, सगळं नाईक सांगत गेले. सोनीने मुक्कामांची नावं पाटीवर लिहिली आणि मोठ्याने वाचली.

"पुन्हा वाच," नाईक म्हणाले. तिने वाचलं. त्यांनी पाटीवरच्या अक्षरांवरून हळूच बोट फिरवलं. "मी मेल्यावर हे कोनाले सांगता आलं असतं?"

निघताना ते रेंगीपर्यंत आले. "सोनी शाळेत राहीन. पन गुरुजी, तुमच्या पुस्तकात आमी काहून नाही?"

पुण्याला परतल्यावर मी धडा पुन्हा लिहायला घेतला. वीस वर्षं इतिहास शिकवतो आहे मी, पण त्या फौजेला जेवायला घातलं ते आत्ता, पहिल्यांदा.