आठवीच्या वर्गातल्या खापऱ्या

"तिचंच नाव लिही गं. दुसऱ्या कुणाला घालवायचंय आपल्याला?"

मधल्या सुट्टीनंतर मी वर्गाच्या दाराशी पोचले तेव्हा हे कानावर पडलं आणि मी तिथेच थबकले. माझ्या टेबलावर फुटक्या कौलांचे तुकडे रचले होते. प्रत्येकावर खडूने एकच नाव. शेवटचा तुकडा एका मुलीच्या हातात होता.

आदल्या दिवशी मीच त्यांना अथेन्सची ती पद्धत शिकवली होती. जो माणूस डोईजड वाटे त्याचं नाव लोक खापरीवर लिहीत, आणि ज्याच्या नावाच्या खापऱ्या जास्त निघत त्याला दहा वर्षं शहर सोडावं लागे. देशातल्या पहिल्या निवडणुका नुकत्याच झाल्या होत्या, आईच्या बोटावरची शाई मुलींनी पाहिली होती. कधी नव्हे तो वर्ग कान देऊन ऐकत होता. मी हा सगळा इतिहास इंग्रजीतून शिकलेली. अंधेरीच्या त्या मराठी शाळेत एकेक वाक्य आधी मनात जुळवायचं आणि मग बोलायचं, अशी माझी रीत. त्या दिवशी मी खुशीत घरी गेले होते.

खापऱ्यांवरचं नाव होतं शेवटच्या बाकावरच्या मुलीचं. ती वेसाव्याच्या कोळीवाड्यातून चालत यायची. त्यांच्या घरातून इतकं शिकलेली ती पहिलीच. गेल्याच आठवड्यात तिची आई मासळीची पाटी पायरीशी ठेवून मला भेटून गेली होती. "बाजारात माझ्या हाताखाली कुणी नाय, बाई. पोर इथं रमली तर ठेवते, नाय तर नेते." मी नुसती मान हलवली होती.

आत हसणं चाललं होतं.

"दहा वर्षं! तोवर तुझं लग्न होऊन दोन पोरं कडेवर असतील."

"असू देत. सुक्या बोंबलांचा वास तरी नसेल ना शेजारी!"

मी आत शिरले. सगळ्या झटकन उभ्या राहिल्या, चेहरे अगदी प्रार्थनेला असतात तसे. शेवटच्या बाकावरची ती मात्र आधीपासूनच उभी होती. दप्तर छातीशी धरलेलं, डोळे कोरडे.

"निकाल लागला, बाई," मॉनिटर म्हणाली. मुलगी वाईट नव्हती. तिचा आवाज जरा चाचरत होता, मी थांबवावं असं तिलाच वाटत असल्यासारखा. "तुम्ही सांगितलंत तसंच केलं. सगळ्यांनी मत दिलं."

"मी जाते, बाई," दप्तर धरलेली ती मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली आणि दाराकडे निघाली.

ती आत्ता पायऱ्या उतरली तर उद्या आईशेजारी पाटीमागे बसलेली असणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. रागवायला तोंडाशी येत होतं ते सगळं इंग्रजी, आणि त्या वर्गात ते नाटकातल्यासारखं वाटलं असतं. मुली माझ्याकडे बघत होत्या. ती उंबऱ्याशी पोचली. मग काल घंटा झाली म्हणून सांगायचं राहून गेलेलं तेवढं मला आठवलं.

"थांब," मी म्हणाले. "अथेन्समध्ये सहा हजार खापऱ्या जमल्या नाहीत, तर मतदानच रद्द व्हायचं. या तर एका घमेल्यातही मावतील. जा, जागेवर बस."