ड्रायव्हरकाका पुन्हा स्टिअरिंगवर

उजव्या डोळ्याची नजर गेली आणि ड्रायव्हरकाकांचं बस चालवणं संपलं. उभा जन्म शहराच्या बसवर काढलेला माणूस घरी बसला. बारीकसारीक गोष्टींवरून चिडू लागला. जेवतानाही त्यांचा उजवा पाय टेबलाखाली ब्रेक दाबायचा.

"अहो, टेबल थांबलेलंच आहे," काकू म्हणायच्या. काका हसायचे नाहीत.

त्यांच्या मुलीच्या ऑफिसने एक जुना कॉम्प्युटर मोडीत काढला होता. तो तिने घरी आणला आणि त्यावर बस चालवायचा एक गेम टाकून दिला.

"हा पोरखेळ मी खेळू?" काकांनी नाक मुरडलं. पण मुलगी कामावर जाताच खुर्ची ओढून बसले.

गेम मात्र मुंगीच्या पावलांनी चालायचा. वळणावर चित्र गोठायचं आणि पुन्हा हलेपर्यंत बस कुणाच्या तरी बागेत शिरलेली असायची. "माझ्या हातून आजवर एक कुंपण तुटलं नाही!" काका कळवळून म्हणाले.

नवा कॉम्प्युटर घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून बापलेक जुनाच उचलून बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानवाल्या ताईंनी झाकण काढून आत फुंकर मारली आणि तिघंही खोकले.

"नवा कशाला हवा? हा धडधाकट आहे," ताई म्हणाल्या. "धूळ काढू. मेमरीची आणखी एक पट्टी घालू, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी बसवू. आणि माझ्याकडे एक वापरलेलं ग्राफिक्स कार्ड आहे. छोटंसं आहे, पण तुमच्या बसला पुरेल."

"मोठं घेतलं तर जास्त चांगलं ना?"

"याच्या पॉवर सप्लायला झेपायचं नाही, काका. अंथरूण पाहून पाय पसरायचे."

काकांना हे एकदम पटलं. बसायला दिलेलं स्टूल सोडून ते ताईंच्या खांद्यावरून वाकून बघत राहिले. शेवटी ताईंनी कार्ड त्यांच्याच हातात दिलं. "कडेला धरा. खट् आवाज येईपर्यंत हलकेच दाबा."

खट् झालं आणि काका कितीतरी दिवसांनी मनापासून हसले.

घरी आल्यावर गेममधली बस जराही न अडखळता धावली. प्रत्येक वळणाला इंडिकेटर, प्रत्येक थांब्याला नीट कडेला. भाजी निवडता निवडता काकू शेजारी येऊन बसल्या.

"मी तुमच्या बसमध्ये कधी बसलेच नव्हते हो," त्या म्हणाल्या. त्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या. दोघांच्या ड्यूट्या कायम उलट्या. "अहो, उजवीकडे सायकलवाला!"

काकांना तो दिसलाच नव्हता. त्यांनी ब्रेक दाबला, सायकलवाला सुखरूप गेला. "बसा इथेच," ते हळूच म्हणाले. "उजवी बाजू तुम्ही सांभाळा."

तेव्हापासून दुपारचा चहा झाला की दोघांची फेरी ठरलेली. काकू प्रवाशांवरही नजर ठेवतात, "त्या आजी चढू देत आधी," म्हणून दटावतात.

एकदा बाजारात गेले असता काका मुद्दाम त्या दुकानात डोकावले. ताईंना वाटलं, काही बिघडलं.

"नाही हो, झकास चाललंय," काका म्हणाले. "नुसतं सांगायला आलो. डोळा गेल्यापासून मी सगळ्या जगावर रागावलो होतो. हल्ली घरात हसणं असतं. तुमचे उपकार आहेत."

ताई संकोचल्या. स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून त्यांनी आतून खुर्ची आणली. "बसा ना काका," त्या म्हणाल्या, "सांगा, कुठवर जाते तुमची बस?"